फिरलेल्या निकालांची वही

बाबांच्या कपाटात, आयकराच्या फायलींखाली, एक लांबट वही असते. किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी उघडणारी. आईला वाटायचं त्यात घराचा जमाखर्च आहे. मलाही तसंच वाटत होतं. बाबा २०१८ साली जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवाळीच्या आवराआवरीत कोथरूडच्या घरी ती माझ्या हाती लागली. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेले रकाने होते. दाव्याचा नंबर, माझ्या निकालाची तारीख, वरच्या कोर्टाची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद, आणि त्याच्या डोक्यावर एकच शब्द : 'का'.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी दिलेला जो जो निकाल वरच्या कोर्टात फिरला आणि ज्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचली, तो प्रत्येक त्यात उतरवलेला होता. कायम झालेला एकही नाही. 'का'च्या रकान्यात बारीक अक्षरात कारणं. 'मुदतीचा मुद्दा निसटला.' 'निशाणी ४१ वाचलीच नाही.' 'कायदा चुकीचा लावला.' एका ठिकाणी नुसतंच, 'घाई. सुटीआधीचा आठवडा.'

"ही कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"कायम झाले त्यांच्या नकला कोर्टात आहेत," बाबा म्हणाले. "हे माझे आहेत."

त्या दिवसापासून माझ्या मनात या माणसाविषयी लिहायचं आहे. मी कायद्याची नाही, पण कायद्याच्या घरात वाढले. आणि मला वाटतं, अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीशाचं काम काय असतं हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही. सिनेमात साक्षीदार रडतो, वकील टेबलावर हात आपटतो, ते सगळं खालच्या कोर्टात. अपिलात असलं काही घडत नाही.

पुण्यात न्यायाधीश म्हटलं की समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला 'रामशास्त्री बाणा' म्हणतोच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. बाबांच्या निरोप समारंभात तीन वक्त्यांनी ती सांगितली. बाबा मान खाली घालून ऐकत होते. घरी आल्यावर शाल काढून ठेवताना म्हणाले, "शास्त्रीबुवांना धैर्य लागलं, ते त्यांनी दाखवलं. मला रोज लागायची ती शंका. आणि त्यांच्यावर अपील नव्हतं. माझ्यावर होतं. ते असायचं म्हणून मला रात्री झोप लागायची."

मला हे फार मोलाचं वाटतं. आपण न्यायाच्या गोष्टी एकट्या ताठ माणसाच्या म्हणून सांगतो. अपिलाची व्यवस्था मात्र उभी आहे ती माणूस चुकतो हे आधीच धरून. प्रामाणिक माणूस चुकतो, हुशार चुकतो, दमलेला तर चुकतोच. म्हणून वर एक पायरी, आणि त्या पायरीवरचाही चुकेल म्हणून आणखी एक.

अपील म्हणजे काय हे मला लहानपणी बस्त्यांवरून कळलं. संध्याकाळी पट्टेवाले काका सरकारी क्वार्टरवर बस्ते आणून द्यायचे. कापडात बांधलेले, गाठ घट्ट. ती सुटली की धूळ, जुना गोंद आणि कुठेतरी दमट कपाटाचा वास खोलीभर पसरायचा. दावा, त्याला कैफियत, काढलेले मुद्दे, सरतपास, उलटतपास, रोजनामा, मग पुराव्याचे कागद, निशाणी एकपासून कधी कधी दीडशेपर्यंत : सातबारा, फेरफार, पाणीपट्टीच्या पावत्या, घडीवर फाटलेलं एखादं खरेदीखत. अपिलात साक्षीदार येत नाहीत. वकील येतात, युक्तिवाद करतात आणि जातात. त्यानंतर उरतात ते हे कागद आणि ते वाचणारा एक माणूस. जेवणं झाली की बाबा पेन्सिल घेऊन बसायचे. शाई कधीच नाही, कारण रेकॉर्डवर खूण करायची नसते. पेन्सिल स्वतःच्या टिपणवहीसाठी. पटलं नाही तिथे टिपणात प्रश्नचिन्ह. आम्ही भावंडं त्या प्रश्नचिन्हांवरून अंदाज बांधायचो की आज बाबा किती वाजता झोपणार.

कायद्यात या वाचण्याची रीत घालून दिलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर एक्केचाळीस, रूल एकतीस हे शब्द मी शाळेतल्या प्रार्थनेइतक्या वेळा ऐकलेत. अपिलाच्या निकालात ठरवायचे मुद्दे लिहा, प्रत्येकावर निर्णय लिहा, त्याची कारणं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली संतोष हजारी यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट बजावली : खालच्या न्यायाधीशाने काढलेला घटनेविषयीचा निष्कर्ष फिरवायचा असेल, तर आधी त्याच्या कारणांना अगदी जवळून भिडा, मग तुमची द्या. नुसतं 'आम्हाला पटत नाही' चालणार नाही. बाबांनी या ओळी टंकून टेबलाच्या काचेखाली ठेवल्या होत्या. बदली झाली की आधी ती काच गोधडीत गुंडाळली जायची.

पुण्यातली माणसं अजून विचारतात, "हायकोर्टात नाही का गेले?" नाही गेले. जिल्हा न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो, हायकोर्टाचा बासष्टाव्या, सर्वोच्च न्यायालयाचा पासष्टाव्या. बाबा साठाव्या वर्षी घरी आले. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी हळहळ असते, ती मला कधी पटली नाही. कारण १९७६ च्या दुरुस्तीनंतर हायकोर्टातलं दुसरं अपील चालतं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. बांध कोणी सरकवला, पैसे खरंच दिले का, म्हातारीने अंगठा समजून उठवला का, ही घटनेची भांडणं बहुतेक वेळा जिल्हा न्यायालयात संपतात. तिथे वाचताना निशाणी ४१ निसटली तर ती पुढे कोणी उघडेलच असं नाही. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतींमध्ये, जिथे आता मेट्रोच्या स्टेशनलाही 'जिल्हा न्यायालय' हेच नाव आहे, रोज किती माणसांची शेवटची खरी सुनावणी होत असते.

तिथून निकाल घाट उतरतो. १८६२ साली सुरू झालेल्या मुंबईच्या हायकोर्टाला आज नागपूर, औरंगाबाद, पणजी अशी खंडपीठं आहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाही बसायला लागलं. पुण्याची मागणी कित्येक दशकांची, ती अजून मागणीच आहे. म्हणून इथला पक्षकार पहाटे उठून डेक्कन क्वीन नाहीतर सिंहगड पकडतो, डब्यात भाकरी आणि मांडीवर फाइल घेऊन. तारीख पडली की तसाच परत. बाबा म्हणायचे, निकाल लिहिताना मला तो गाडीतला माणूस दिसतो. त्याचं तिकीट वाचवता आलं तर बघावं.

पण माणूस दिसणं हीच अपिलातली अडचण. साक्ष कागदावर उतरते तेव्हा आवाज गळून जातो. 'मला आठवत नाही' हे वाक्य साक्षीदाराने कसं म्हटलं? पटकन, रडकुंडीला येऊन, की वकिलाकडे बघत? साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी शेरा लिहून ठेवायची मुभा खालच्या न्यायाधीशाला आहे, ऑर्डर अठराच्या बाराव्या रूलमध्ये. पण बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असली की कोण लिहितो? बाबा मात्र रेकॉर्डमध्ये तो शेरा आधी शोधायचे. सापडला की जेवतानासुद्धा सांगायचे, जसं कोणी पाडाचा आंबा मिळाल्याचं सांगावं.

यासंदर्भात त्यांचा एक आवडता खटला होता, ताई महाराजांचा. शाळेत टिळकांच्या चरित्रात त्याची चार ओळींत बोळवण होते. ताई महाराज म्हणजे पुण्याच्या एका सरदार घराण्यातल्या बाई. त्यांचे यजमान १८९७ साली वारले, मृत्युपत्राने नेमलेल्या विश्वस्तांमध्ये टिळक होते. १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तक घेतला गेला, पुढे बाईंनी तो नाकारला आणि दुसरा मुलगा घेतला. टिळकांवर फौजदारी झाली, शिक्षाही झाली, ती हायकोर्टाने १९०४ मध्ये रद्द केली. दिवाणी दाव्यात पुण्याच्या सबजज्जांनी १९०६ साली औरंगाबादचं दत्तविधान खरं धरलं. १९१० मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. आणि १९१५ मध्ये, टिळक सुटून आल्यानंतर, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या अपील कोर्टाने, हायकोर्टाला चूक ठरवून पुण्याच्या सबजज्जांचा निकाल पुन्हा उभा केला.

लोकांना यात टिळकांचा विजय दिसतो. बाबांना दिसायचे ते नाव विसरलेले पुण्याचे सबजज्ज, ज्यांनी साक्षीदारांना डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि प्रिव्ही कौन्सिलने त्यात सांगितलेली एक गोष्ट, जी वकील आजही दाखला म्हणून वापरतात : साक्षीदार शपथेवर समोर उभा असताना त्याच्याविरुद्ध एखादा कागद वापरायचा असेल, तर तो आधी त्याच्यापुढे ठेवा. त्याला बोलायची संधी द्या. तो पिंजऱ्यातून उतरून गेल्यावर मागून त्या कागदाच्या आधाराने त्याला खोटा ठरवू नका.

"सगळा कायदा एका बाजूला ठेवला तरी चालेल," बाबा म्हणायचे, "पण हे सोडू नये. कागद धरायच्या आधी माणसाला विचार."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पुढे वाटायला लागलं, त्याची हकीकत शेवटी येईल.

न्यायाधीशाच्या घरातलं जगणं मात्र सांगायला हवं, थोडक्यात. दर तीन वर्षांनी बदली. मी दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या. गावात पोचलो की आई आधी वाणी ठरवायची, आणि त्याचा कोर्टात काही दावा चालू नाही ना हे बाबा नाझरांकडून काढून घ्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वरच्या न्यायाधीशांसाठी वर्तनाची मूल्यं लिहून काढली, त्यात पदाला शोभेल इतका अलिप्तपणा ठेवावा असं आहे. आमच्याकडे तो आधीपासून पानात वाढला जात होता. गणपतीत मंडळवाले आरतीला बोलवायला यायचे, बाबा हात जोडून नाही म्हणायचे. लग्नाला गेलो तर अक्षता टाकून परत, पंगतीला नाही. एकदा पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आईने साडी घेतली. दुकानदार ओळखीचं हसला आणि म्हणाला, "साहेबांच्या घरचं कुठे बिल करायचं, वहिनी." आईने घडी तशीच गादीवर ठेवली आणि पायऱ्या उतरली. ती हिरवी साडी तिला फार आवडली होती. जांभळे काठ होते, अजून बोलून दाखवते.

बाबा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडले ते दुपारी परत आले. आम्ही काळजीत. ते टिळक रस्त्यावर एका अमृततुल्यमध्ये बसले होते. तीन चहा प्यायले आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांशी क्रिकेटवर बोलत राहिले. बत्तीस वर्षांत हे केलं नव्हतं.

त्यांचं दैवत रामशास्त्री नव्हतं म्हटलं, तर होतं कोण? न्यायमूर्ती रानडे. आणि तेही सुधारक म्हणून, प्रार्थना समाज किंवा सार्वजनिक सभेसाठी नव्हे. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दंगल पसरली, चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू. कोर्टाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा करायचा नाही, देण्याघेण्याचा सगळा इतिहास उकलायचा, असं त्यात होतं. त्यातल्या कित्येक दाव्यांना नेहमीसारखं अपील ठेवलं नव्हतं. त्याऐवजी खास न्यायाधीश तालुक्यातालुक्यात फिरून खालच्या कोर्टांचं काम तपासायचे. रानड्यांनी १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंतची कित्येक वर्षं या कामात काढली. पुढे १६ जानेवारी १९०१ ला ते वारले, ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती असतानाच. लोक हायकोर्टाचं सांगतात. बाबा सांगायचे ते त्याआधीचं : उन्हातान्हात तालुक्याच्या गावी उतरायचं आणि तिथल्या कारकुनाच्या हातचे बस्ते सोडून बसायचं. कुळाने अंगठा दिला तेव्हा त्याला रोख्यात काय लिहिलंय हे कोणी वाचून दाखवलं होतं का, हे शोधायचं. म्हणजे पुन्हा तेच, कागदामागचा माणूस.

आता वहीतल्या एका नोंदीकडे येते.

मुळशी तालुक्यातली एक बाई. दोन भाऊ. आई आधीच गेलेली, वडील १९९९ मध्ये गेले. जमीन वडिलोपार्जित. बाईंचं लग्न १९८१ चं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना अशा मिळकतीत जन्मतः हक्क दिला खरा, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून, म्हणजे ही बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने सगळ्या मुलींना हक्क आला. २००९ मध्ये बाईंनी वाटपाचा दावा लावला. भावांचं म्हणणं, बहिणीने तोंडी हक्क सोडला होता, देवासमोर.

दावा चालवणारे न्यायाधीश नव्या दमाचे असावेत. त्यांनी उलटतपासात मध्येच शेरा लिहिला होता : 'उत्तर देण्याआधी वादी दरवाज्याशी उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडे बघते.' एवढंच. २०१३ मध्ये त्यांनी भावांची तोंडी हक्कसोड खोटी धरली आणि बाईंना तिसरा हिस्सा दिला. भाऊ अपिलात आले, बस्ता बाबांकडे आला.

मला ती संध्याकाळ आठवते, कारण बाबांनी तो शेरा आम्हाला वाचून दाखवला होता. "बघ, हे पोरगं बघत होतं," त्या न्यायाधीशाबद्दल म्हणाले. हक्कसोडीची गोष्ट त्यांनीही खोटीच ठरवली. पण २०१५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा फुलावतीचा निकाल आला होता : दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. या बाईंचे वडील सहा वर्षं आधी गेलेले. मग हिशोब वेगळा. बाप आणि दोन मुलगे यांच्यात तीन वाटे कल्पायचे, बापाच्या एका वाट्याचे पुन्हा तीन. बहिणीला त्यातला एक, म्हणजे नववा हिस्सा. बाबांनी हा हिशोब तीन वेळा केला. दुसरा काही निघत नव्हता. २०१७ मध्ये त्यांनी निकाल दिला, तिसऱ्याचा नववा झाला. बाईंनी मुंबईला दुसरं अपील केलं.

त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, खासगीपणाच्या हक्काचा नऊ न्यायाधीशांचा निकाल आला. ५४७ पानं. बाबांनी कोर्टातून छापून आणला आणि शनिवार-रविवार दिवाणखान्यात खुर्ची उन्हाकडे करून वाचला. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं, त्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. जन्म पुण्याचा, शाळा नूतन मराठी, कायदा आयएलएस कॉलेजचा, पुढे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश. त्यांच्यापूर्वी आणि त्यांच्यानंतर इतका काळ कोणी त्या पदावर राहिलेलं नाही. तो १९७६ चा निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये ज्या मुख्य मतपत्रात लिहिलं गेलं, ते लिहिणारे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. यशवंतराव २००८ मध्येच गेले होते.

मी म्हटलं, "वडिलांचा निकाल चूक म्हणून लिहायचं म्हणजे हात जड झाला असेल."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकेचाळीस वर्षं लागली. घरातल्या माणसाने लिहिली म्हणून ती चूक लहान होत नाही आणि मोठीही होत नाही. पण तुरुंगात बसलेल्यांना ही पानं त्या वेळी हवी होती." आणि चष्मा पुसत आत गेले. मला तेव्हा कळलं नव्हतं की ते मुळशीच्या बाईंचाही विचार करत असणार.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फुलावतीचा निकाल बाजूला सारला. मुलीचा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. लॉकडाउन होता, बाबा घरीच. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून हायकोर्टाच्या संकेतस्थळावर तो दुसऱ्या अपिलाचा नंबर टाकून बघायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, सोमवारी. कोणाला सांगितलं नव्हतं. २०२२ मध्ये निकाल लागला. नववा पुसून पुन्हा तिसरा.

मी ती नोंद पाहिली आहे. 'का'च्या रकान्यात शाईने 'कायदा बदलला' असं लिहून त्यावर एक आडवी रेघ मारलेली आहे. खाली पेन्सिलने : 'ती पहिल्यापासून हेच म्हणत होती.' आणि वरच्या ओळीत, पक्षकाराच्या नावापुढे, हायकोर्टाच्या निकालात होतं तसंच उतरवलेलं : 'मयत, तर्फे वारस.'

बाबांची काही चूक नव्हती असं मी त्यांना सांगून पाहिलं. वरच्या कोर्टाचा निकाल खालच्यावर बंधनकारक असतो, त्यांनी दुसरं काही लिहिलं असतं तर तेच गैर झालं असतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर कित्येक दिवस ते कपाटातल्या जुन्या फायली काढून बसायचे. आईला वाटलं पेन्शनचं काही असेल.

त्यांना हवं होतं ते आत्याचं हक्कसोडपत्र.

आमची पुरंदर तालुक्यात साडेतीन एकर जमीन आहे, विहिरीच्या बाजूला अंजिरं. आजोबा १९८८ मध्ये गेले. १९९० साली आत्याने सासवडला दुय्यम निबंधकांपुढे जाऊन बाबांच्या नावे हक्क सोडला. घरोघरी होतं तसंच. भावाच्या नावे सही करायची, भावाने लुगडं-चोळी करायची, माहेर तुटू द्यायचं नाही. बाबा तेव्हा एका तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश, चार वर्षांची नोकरी. रजा काढून आले होते. हे मला कधी खटकलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि ते मला आज लागतं.

कागद सापडला. त्याची झेरॉक्स काढून बाबांनी ती एखाद्या अपिलाच्या रेकॉर्डसारखी वाचली. 'माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' या शब्दांखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात ते ओळखीचं प्रश्नचिन्ह.

गेल्या मार्गशीर्षात ते मला म्हणाले, "गाडी काढ. आक्काकडे जायचंय." दिवे घाटात नेहमी उतरून मस्तानी तलाव बघतात, त्या दिवशी काही बोलले नाहीत. आत्या सासवडला असते, चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर परातीत वाटाणा सोलत बसली होती. शेजारी शेंगांचा ढीग. आमच्याकडे बघून हसली, पाणी घ्या म्हणाली.

बाबांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून मूळ कागद काढून तिच्यापुढे धरला.

"आक्का, ही सही तुझी?"

तिने कागद लांब धरून पाहिला. "माझीच की. तूच तर बोट ठेवून दाखवलंस कुठं करायची ते."

"सही करायच्या आधी तुला कोणी विचारलं होतं का? हवंय की नकोय?"

आत्याचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली होती, दाणे तसेच दिसत होते.

"नाही," ती म्हणाली. "कोण विचारणार? तू साहेब झालेला. मला वाटलं, असंच असतं."

बाबांनी खाली बघितलं. ओसरीवर रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज येत होता. मला मध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मी बोलले नाही.

"मग आता विचारतो," बाबा म्हणाले.

आत्याने शेंग पुरती उघडली, दाणे परातीत टाकले. पदराला हात पुसले आणि कागद पुन्हा हातात घेतला, या वेळी मन लावून, वरपासून.

"आता विचारतोस, तर मला विचार करू दे. एकदम कसं सांगू?" ती म्हणाली. "हा कागद राहू दे इथं. चष्मा लावून वाचते. तेव्हा वाचला नव्हता."

बाबांनी फोल्डरही तिच्याकडे दिला. मग चपला काढून ओसरीवर मांडी घालून बसले आणि ढिगातल्या मूठभर शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या.